फसली सालात किती मिळवायचे

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत तपासणीला इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी मला हमखास ताप चढायचा. आज वयाची पंचेचाळिशी गाठली तरी बँकेतल्या बाईनं चष्म्यावरून नुसतं पाहिलं की माझी सही चुकते. अशा बाईला हैदराबादच्या परिषदेत व्यासपीठावर उभं राहून इंग्रजीत दहा मिनिटं बोलायचं निमंत्रण मोबाइलवर आलं, तेव्हा मी ते पत्र तीनदा वाचलं आणि मोबाइल तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला. तिथून तो वाजला असता तरी मला ऐकू आलं नसतं, एवढाच हिशेब होता.

कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या औरादला एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी कंत्राटावर काम करते. रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या कागदांची खोली. तालुक्यातल्या गावोगावच्या शाळांची जुनी दाखल रजिस्टरं आमच्याकडे गोळा करून ठेवली आहेत. लाल फडक्यात बांधलेल्या या गठ्ठ्यांना आम्ही बस्ते म्हणतो. बस्ता सोडायचा, धूळ झटकायची, रजिस्टर स्कॅन करायचं, कुठल्या गावचं आणि कुठल्या सालचं ते संगणकात भरायचं आणि बस्ता पुन्हा बांधायचा. कुणी आजा-पणजाच्या नावाचा उतारा मागायला आलं की गाव आणि साल टाकून शोधायचं. काम मला मनापासून आवडतं, कारण बस्ते उलट बोलत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी बोलावून सांगितलं की पुढचं कंत्राट हवं असेल तर माहिती व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र लागेल. साहेब कन्नड बोलणारे, मी मराठी, आणि आमचं दोघांचं भांडण चालतं ते दखनी उर्दूत. "ओ सर्टिफिकेट होना, बाई. मैं क्या करूँ?" एवढं बोलून ते फायलीत शिरले. मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

अभ्यास घरबसल्या, संगणकावर. सहा पेपर, मग एक प्रकल्प, आणि प्रकल्प पसंत पडला तर वार्षिक परिषदेत तो मांडायचा. मांडला की प्रमाणपत्र. प्रत्येक पेपरच्या आधी माझ्या पोटात गोळा यायचा आणि प्रत्येक पेपर मी पास व्हायचे. त्यामुळे भीतीवरचा माझा विश्वास फारच वाढला. ती पोटात असली की सगळं नीट होतं, असं मला वाटायला लागलं.

प्रकल्प माझ्या रोजच्या कामाचाच घेतला. ही रजिस्टरं संस्थानाच्या काळातली, उर्दूत लिहिलेली, आणि त्यांच्यावर साल असतं ते फसली. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांचा सगळा कारभार या फसली सालावर चालायचा. फसली आकड्यात ठरावीक आकडा मिळवला की इंग्रजी साल निघतं. उर्दू आकडे मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणीच शिकवले होते. अक्षरं मला येत नाहीत, पण गावाचं नाव बस्त्याच्या चिठ्ठीवर कन्नडमध्ये असतं, आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरचं साल वाचण्यापुरती माझी विद्या भरपूर होती. किती मिळवायचे ते मला एका छापील तक्त्यात सापडलं. फसली अधिक पाचशे त्र्याण्णव. तक्ता इतका सुंदर होता, रंगीत, चौकटी आखलेल्या, की त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी तो कागद संगणकाशेजारी चिकटवला आणि तालुक्यातल्या प्रत्येक रजिस्टराला इंग्रजी साल लावून टाकलं.

सगळं भरून झाल्यावर मला एक गंमत दिसली. संस्थान गेल्यावर शाळांतून नवी रजिस्टरं सुरू झाली, ती इंग्रजी सालाची. माझ्या यादीत मात्र जुनी फसली रजिस्टरं तिथं थांबत नव्हती. नवी सुरू झाल्यावरही ती तीन वर्षं चालूच होती. एका गावी नाही, जवळपास प्रत्येक गावी. म्हणजे तीन वर्षं प्रत्येक शाळेत दोन दोन रजिस्टरं लिहिली जात होती. मला वाटलं, आपल्याला घबाड सापडलं. राज्य बदललं, लोकांना खात्री नव्हती, मास्तर घाबरले असतील, जुना मालक परत आला तर काय म्हणून दोन्हीकडे नोंदी करत राहिले असतील. घाबरलेला माणूस काय काय करतो ते मला चांगलं ठाऊक. मी त्याच्यावर वीस पानं लिहिली. प्रकल्प तपासणाऱ्या समितीला ती फार आवडली. कळवलेल्या अभिप्रायात माझ्या निष्कर्षाला 'मौलिक' म्हटलं होतं. साहेबांनी ते पत्र कचेरीच्या फळ्यावर लावलं आणि मी तिथून जाता-येता ते न पाहिल्यासारखं करून पाहत असे.

याच दिवसांत एक माणूस आला. संतपूरच्या पुढच्या एका वाडीचा. पूर्वी मेंढरं पाळणारं घर, आता मोलमजुरी आणि थोडी सोयाबीन. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला काढायचा होता आणि त्याला जुना पुरावा पाहिजे होता. त्याचे वडील लहानपणी दोन वर्षं गावच्या शाळेत होते, त्या नोंदीचा उतारा मिळाला की काम होणार होतं. सोबत त्यानं वडिलांच्या एका सोबत्याचा शाळेचा जुना दाखला आणला होता. दोघं एकाच दिवशी शाळेत घातले गेले होते. दाखल्यावर इंग्रजी साल होतं, एकोणीसशे बेचाळीस.

मी गाव टाकलं, साल टाकलं. संगणक म्हणाला, नाही. त्या गावचं सगळ्यात जुनं रजिस्टर माझ्या यादीत त्रेचाळीसपासून सुरू होत होतं. बेचाळीसचं रजिस्टरच नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "त्या साली रजिस्टर न्हाई तुमच्या गावचं."

"म्याडम, अप्पा तर म्हणायलेत, मी साळंत गेल्तो म्हणून. मास्तरचं नाव बी सांगतेत."

"म्हातारी माणसं सांगतात हो. कागद पाहिजे की."

"मग ह्या सोबत्याचा दाखला कुठून आला?"

प्रश्न सरळ होता. मी तेव्हाच उठून बस्ता सोडला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी त्या दिवसांत तज्ज्ञ झाले होते. मी त्याला राज्य बदललं तेव्हाच्या गोंधळात कागद कसे गहाळ झाले असतील ते समजावून सांगितलं. यावर मी लिहिलंय, असंही म्हणाले.  तो हळूच म्हणाला, "म्हंजे अप्पा खोटं बोलायलेत म्हना की."

 मी कन्नडमध्ये छापलेल्या नमुन्यावर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला. सगळ्या कामाला पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. इतक्या झटपट उत्तर देणारी रेकॉर्ड रूम जिल्ह्यात दुसरी नसेल, असं मी प्रकल्पात लिहिलेलंच होतं.

परिषदेच्या आधीच्या रविवारी मी अण्णांसमोर भाषणाची तालीम केली. घरात आम्ही दोघंच. अण्णा रिटायर्ड मास्तर, वय पंचाऐंशीला टेकलेलं, कान तल्लख. मी इंग्रजीत बोलायचं आणि मग त्यांच्यासाठी मराठीत सांगायचं असं ठरलं. दोन रजिस्टरांपाशी आले तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"एका मास्तरची साळा असायची ती," अण्णा म्हणाले. "मी तिसरीत होतो संस्थान गेलं तेव्हा. मास्तरचा पगार सहा सहा महिने येत नव्हता. दोन रजिस्टरं कामून लिहील तो?"

"भीतीनं, अण्णा."

"भ्यालेला माणूस कमी लिहितो. जास्ती कशाला लिहील?"

मला राग आला. समितीतल्या मोठ्या लोकांनी मान्य केलेलं हे, आणि घरात बसून बशीतून चहा पिणारा माणूस मोडीत काढतोय. मी म्हणाले, वर्षं बघा ना, वर्षं खोटी आहेत का?

"तू फसलीत किती मिळवलीस?"

"पाचशे त्र्याण्णव."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. नापास पोराकडे पाहावं तसं नाही, आजारी पोराकडे पाहावं तसं. "ती उत्तरेकडची फसली, बाई," ते म्हणाले. "आपल्याकडं पाचशे नव्वद मिळवतेत. मधी जानेवारी लागला की एक्याण्णव. इथं कुणालाबी इचार."

"मग तुम्ही आधी कामून न्हाई सांगितलंत?"

"तू इचारलीस का?"

मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज करून पाहिली. तीन वर्षं. नवी रजिस्टरं आणि जुनी रजिस्टरं बरोबर तीन वर्षं शेजारी शेजारी चालत होती, ती यामुळे. पाचशे नव्वद मिळवले की जुनं जिथं संपत होतं तिथूनच नवं सुरू होत होतं, मध्ये एक दिवसाची फट नाही. कुणी मास्तर घाबरला नव्हता. कुणी दोन रजिस्टरं लिहिली नव्हती. माझा मौलिक निष्कर्ष म्हणजे माझी बेरजेची चूक होती.

 मी पलंगावर बसले ती उठेचना. आधी मनात आलं ते समितीचं. मग साहेबांचं, मग कंत्राटाचं. बऱ्याच वेळानं त्या वाडीच्या माणसाचं आलं. हा क्रम मी बदलून लिहू शकले असते, पण खरा तो असाच होता.

सोमवारी सकाळी शिपाई यायच्या आधी मी कुलूप उघडलं. संतपूर भागाचे बस्ते खालच्या फळीवर. फडकं सोडताना गाठ दातानं ओढावी लागली. पुठ्ठ्यावर उर्दू आकडे होते, तेराशे बावन्न. माझ्या यादीत ते पंचेचाळीस सालाचं रजिस्टर होतं. खरं तर ते बेचाळीसचं. एकेका पानाचे फोटो काढून मी दुपारच्या सुट्टीत घरी पळाले. अण्णांनी भिंग घेऊन वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या पानावर थांबले. आधी सोबत्याचं नाव होतं, आणि त्याच्याखाली त्या माणसाच्या म्हाताऱ्या अप्पांचं. बापाचं नाव, गाव, जातीच्या रकान्यात त्या घराला हवा असलेला शब्द, तारीख. शेवटच्या रकान्यात शेरा.

"मेंढरं राखायला लावल्यामुळं नाव कमी केलं," अण्णांनी वाचलं. मग भिंग पुसत म्हणाले, "आजच दे नेऊन."

मी हो म्हणाले. मी उतारा काढलासुद्धा. खाली अण्णांनी वाचून दाखवलेला मजकूर लिहिला, सही केली, शिक्का मारला, पाकिटात घातला. आणि पाकीट टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

का, ते सांगते. उतारा द्यायचा तर त्याची नोंद जावक रजिस्टरात होते. त्या माणसाला आधी 'नाही' दिलेलं, आता 'आहे' देते आहे, तर मध्ये काय झालं ते लिहावं लागतं. ते साहेबांच्या सहीला जातं. साहेब विचारणार, एकाच गावची चूक आहे का सगळ्यांची? मग फळ्यावरचं पत्र उतरणार, समितीला कळणार, प्रमाणपत्र जाणार आणि त्याच्या मागोमाग नोकरी. शनिवारी परिषद होती. मी ठरवलं, शनिवार होऊन जाऊ दे. एवढी वर्षं थांबलेला कागद अजून पाच-सहा दिवस थांबेल. मुलीच्या दाखल्याची मुदत महिनाअखेरपर्यंत होती, ते मी तेव्हाच विचारून ठेवलं होतं. हिशेबात मी पक्की, बेरजा सोडून.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दार वाजलं की तोच आला असं वाटे. अनोळखी नंबरचा फोन आला की तोंडचं पाणी पळे. एकदा मनात आलं, म्हातारा या चार दिवसांत गेला तर? त्या विचारानं मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, काय झालं हो? मी म्हणाले, झुरळ.

संध्याकाळी अण्णा विचारत, "दिलीस का?" मी म्हणे, "साहेबांची सही राहिलीय." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "दिलीस का?" "साहेब बीदरला मीटिंगला गेलेत." गुरुवारी त्यांनी विचारलं नाही. बशीतला चहा पिऊन ते आत गेले. बापानं माझ्यावर आयुष्यात कधी हात उगारला नाही, पण त्या संध्याकाळी ते विचारत नाहीत याची मला जेवढी भीती वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

शनिवारी पहाटेची गाडी धरून मी बीदरला आणि तिथून हैदराबादला गेले. मोठ्या हॉटेलातलं सभागृह, गळ्यात अडकवायची नावाची पाटी, पिशवीत वही-पेन आणि थंडीनं बधिर करणारा एसी. सगळीकडे माणसं एकमेकांना कार्ड देत होती. माझ्याकडे कार्ड नव्हतं. मी चहाच्या टेबलाजवळ भिंतीला लागून उभी राहिले आणि मनातल्या मनात ठरवत राहिले. दोन रजिस्टरांचं पान आलं की सरळ सांगायचं, हे चुकलंय. एक वाक्य. इंग्रजीत मी ते पाठ केलं होतं. आठ शब्द होते.

माझा नंबर जेवणाआधीचा. दिवे मंद झाले, पडद्यावर माझे तक्ते उमटले. आवाज निघत होता, याचंच मला नवल वाटलं. मग ते पान आलं. रंगीत आलेख, तालुक्यातली गावं आणि प्रत्येकापुढे दुहेरी रेघ. मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या समितीच्या बाई मान डोलावत होत्या. त्या आठ शब्दांपैकी पहिलाच मला आठवेना. खरं सांगायचं तर आठवत होता. मी तो बोलले नाही. पाठ केलेलं पुढचं बोलत गेले, भ्यालेल्या मास्तरांविषयी, दोन रजिस्टरांविषयी, आणि ते इतकं मनापासून बोलले की मागून एकदोघांनी हुंकार दिले.

शेवटी एका गृहस्थानं विचारलं, दुसरं रजिस्टर कुणी लिहायला सांगितलं असेल? मी म्हणाले, त्यावर अजून संशोधन चालू आहे. टाळ्या वाजल्या. त्या एवढ्या मोठ्या सभागृहात पाचशे नव्वद ठाऊक असलेला एकही माणूस नव्हता. असता तर मी वाचले असते.

संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. जाड कागद, सोनेरी किनार, खाली 'विशेष उल्लेखासह' असं लिहिलेलं. परतीच्या गाडीत ते मांडीवर धरून बसले. शेजारची बाई म्हणाली, मुलीचं आहे का? मी म्हणाले, हो.

सोमवारी साहेबांनी पेढे आणले. "लॅमिनेशन करा लो, बाई, खराब हो जाता," म्हणाले. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ते घेऊन गेले. आमच्याकडे सरकारी शिक्का असलेला कुठलाही कागद हाती आला की लोक आधी तिथं नेऊन प्लास्टिकात घालतात. रेशनकार्ड असो की गुणपत्रिका, प्लास्टिकात गेलं की पक्कं झालं. पुढे चार माणसं होती. एकाच्या हातात आमच्याच कचेरीचा नमुना दिसला, कुठल्याशा दुसऱ्या गावचा, त्यावर माझी सही. 'अभिलेख उपलब्ध नाही'. तो मोठ्या काळजीनं त्याच्या घड्या सरळ करत होता.  असे किती कागद मी दिले असतील? प्रमाणपत्र तसंच पिशवीत टाकून मी कचेरीत परत आले, खण उघडला, पाकीट घेतलं. जावक रजिस्टरात नोंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'साल काढताना माझी चूक'. ते रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि ते जेवून यायच्या आत निघाले.

संतपूरपर्यंत बस, पुढे ऑटो. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं होती आणि तूर फुलावर आली होती. सगळ्या वाटेवर माझ्या मनात एकच. दारात सुतकाची माणसं बसलेली दिसली तर परत फिरायचं.

म्हातारा ओट्यावर बसलेला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्याला पटका, मांडीवर घोंगडं. मुलगा घरीच होता. मला पाहून तो एकदम उभा राहिला. सरकारी बाई दारात आली म्हणजे काहीतरी वाईट, असंच त्याला वाटलं असणार. त्याच्या तोंडावरची भीती माझ्या ओळखीची होती.

"सापडलं," मी म्हणाले. "तुमच्या अप्पांचं नाव सापडलं. रजिस्टर होतं. मी चुकीच्या साली लावलं होतं."

 वळून त्यानं बापाकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. मग पाण्याचा तांब्या देता देता मला हळू आवाजात सांगितलं, "त्या दिवसापासून अप्पा साळंचं नाव काढत न्हाईत, म्याडम. आमी लई बोललाव त्यांना. पोरगी बी म्हणली, अप्पा, तुमच्यामुळं हेलपाटे पडायलेत."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. मी उतारा त्याच्या हातात दिला. त्यानं कागदावरून बोटं फिरवली आणि मला परत दिला. "वाचा, अक्का. मला दिसत न्हाई."

मी ओट्याच्या कडेला बसले आणि वाचायला लागले. आधी गाव, शाळा, मग साल. मग त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मास्तर वाचेल तसं मोठ्यानं.

"हाजिर," म्हातारा म्हणाला.

तो हसत नव्हता. पाठ ताठ केली होती आणि हात मांडीवरून उचलला होता. उर्दू शाळेत हजेरीला असंच म्हणत, ते अण्णांकडून मी ऐकलेलं होतं.  शेवटचा शेरा मी कसाबसा वाचला, मेंढरं राखायला लावल्यामुळं नाव कमी केलं.

"व्हय," तो म्हणाला. "बाप म्हणला, मेंढरं कोण बघल? मास्तर घरला आल्ता सांगाया, ह्याला पाठवा म्हणून. तेबी लिवलंय का?"

"नाही, तेवढं नाही लिहिलेलं."

"ऱ्हाऊ द्या."

मी मुलाला म्हणाले, तो आधीचा कागद द्या, परत नेते. तो आत गेला आणि कागद घेऊन आला. प्लास्टिकात घातलेला, कडा नीट कापलेल्या. 'अभिलेख उपलब्ध नाही', आणि खाली माझी ठसठशीत सही. मी घ्यायला हात पुढे केला, पण म्हाताऱ्यानं आधीच तो चाचपून आपल्याकडे ओढला. एका हातात उतारा, दुसऱ्या हातात तो.

"ह्याच्यावर कुणाची सही हाय?" त्यानं विचारलं.

"माझी."

"आन् ह्याच्यावर?"

"माझीच."

"मग उद्या कुणी इचारलं, ह्यातला खरा कंचा, तर मी काय सांगू?"

तो रागावलेला नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मुलगा म्हणाला, "अप्पा, जाऊ द्या की." पण म्हातारा माझ्याकडे तोंड करून बसून राहिला. शेवटी मी पिशवीतून पेन काढलं आणि पहिला कागद मांडीवर घेतला. प्लास्टिकवर पेन उठेना. दोनदा गिरवलं तरी नुसता ओरखडा. मुलानं घरातून ब्लेड आणलं. कडेनं प्लास्टिक कापून मी ते सोललं, कागद थोडा फाटला. माझ्या सहीच्या खाली मी कन्नडमध्ये लिहिलं, आणि लिहिता लिहिता मराठीत मोठ्यानं वाचत गेले. हा कागद चुकीचा आहे. रजिस्टर होतं. चूक माझी आहे. खाली तारीख, आणि पुन्हा सही. ती सही चुकली नाही.

म्हाताऱ्यानं दोन्ही कागद एकावर एक ठेवून घोंगड्याखाली सरकवले. "आता दोन्ही खरे झाले," म्हणाला.

मुलीच्या दाखल्यासाठी उतारा लागेल, मुलाला द्या, असं मी सांगितलं. तो म्हणाला, देतो की, सांजच्याला. आज माझ्यापशी असू द्या.

ऑटो यायला वेळ होता. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. पिशवीत तिसरा कागद होता, सोनेरी किनारीचा, त्यावर नाव माझं. मोबाइल काढला आणि समितीला पत्र लिहायला घेतलं. ते आठ शब्द मला बरोबर आठवले. त्यांच्यापुढे मी आणखी दोन ओळी घातल्या. आमच्याकडे फसलीत पाचशे नव्वद मिळवतात, हे माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, परिषदेच्या आधी सांगितलं होतं, आणि तरीही मी तेच चुकीचं बोलले. पाठवायच्या बटणावर माझा अंगठा किती वेळ होता कुणास ठाऊक. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते.  मग मी पत्र पाठवलं.

घरी पोचले तेव्हा अण्णा दारातच बसले होते. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "दिलीस का?"